दौलतजादा ते सुपर चॅट : कलावंताच्या पैशाला आपण काय म्हणत आलो?

थेट प्रक्षेपण रंगात आलेले असते. गायक दोन ओळींच्या मध्ये क्षणभर थांबतो, पडद्याच्या कडेला उमटलेली रंगीत पट्टी वाचतो, पैसे पाठवणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानतो आणि पुन्हा सुरात येतो. आकडा त्याने उच्चारला नाही तरी चालते. तो पट्टीवर सर्वांना दिसतच असतो.

यूट्यूबने ही 'सुपर चॅट' सोय २०१७ साली आणली. रक्कम जितकी मोठी, तितका पट्टीचा रंग वरच्या प्रतीचा आणि तितका जास्त वेळ ती डोळ्यांसमोर टिकणार. गाणे मात्र पैसे न देणाऱ्यालाही तेच आणि तेवढेच ऐकू येते. मग देणारा नेमके काय विकत घेतो? स्वतःच्या नावाचा उच्चार, चारचौघांत, आवडत्या कलावंताच्या तोंडून. या व्यवहाराला महाराष्ट्रात फार जुना पूर्वज आहे आणि त्याला स्वतःचे नावही आहे : दौलतजादा. तिथवर जाण्याआधी थोडी शब्दांची उजळणी करू, कारण या विषयात शब्दच अधिक बोलके आहेत.

मराठीत कलावंताला दिलेल्या पैशाला 'किंमत' किंवा 'मजुरी' म्हणण्याचे आपण शतकानुशतके टाळले आहे. बिदागी म्हणजे निरोपाच्या वेळी हातावर ठेवलेले द्रव्य. कला संपली, पाहुणा निघाला, म्हणून दिलेले. जणू गाण्याशी त्याचा संबंधच नाही. इनाम आणि बक्षीस वरून खाली येतात, देणारा थोर आणि घेणारा लहान. नजराणा उलट दिशेने जातो, खालच्याने वरच्यापुढे ठेवायचा. म्हणूनच गवयाला दिलेल्या रकमेला कुणी 'नजराणा' म्हणतो, तेव्हा तेवढ्यापुरता तो गवयाला सिंहासनावर बसवतो. मानधनात तर मान आधी आणि धन नंतर. राज्य शासनाने १९५४-५५ पासून वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी जी मासिक मदत सुरू केली, तिच्या नावातही हाच शब्द योजला गेला.

वारकरी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार कठोर दिले. हरिकथा करून त्याबद्दल द्रव्य घेणाऱ्यांवर तुकोबांनी अभंगांतून कोरडे ओढले आहेत. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, इथवर हा दंडक जातो. तरी बिदागी उरलीच. आज कीर्तनाच्या चित्रफितींच्या मध्ये जाहिराती येतात आणि त्यांचे उत्पन्न कुणाचे, हा वाद कीर्तनाच्या मांडवाइतकाच रंगतो. तुकोबांपुढे हा प्रकार ठेवला असता तर काय झाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

पेशवाईच्या उत्तरार्धात होनाजी बाळा, राम जोशी, सगनभाऊ, प्रभाकर अशा शाहिरांना दरबारचा आणि सरदारांचा आश्रय होता. आश्रयदाता मोजका आणि ओळखीचा, त्यामुळे पैशाची भाषाही ओळखीचीच : वर्षासन, इनाम, शेला-पागोटे. मागायचे ते स्तुतीतून मागायचे. १८१८ साली पेशवाई गेली आणि या भाषेचा श्रोताच नाहीसा झाला.

आश्रयदाता गेल्यावर काय होते, याचे अगदी नेमके उदाहरण रंगभूमीवर सापडते. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभे केले. आप्पासाहेब १८५१ मध्ये निवर्तले. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ करीत होती. राजाश्रयापासून तिकीट खिडकीपर्यंतचा प्रवास जेमतेम दोन वर्षांचा.

तिकिटाने दोन गोष्टी केल्या. पैसा कला सुरू होण्यापूर्वी आणि नटाच्या नजरेआड घेतला जाऊ लागला, आणि देणारा निनावी झाला. माझ्या मते मराठी कलाव्यवहारातली ही सर्वांत मोठी क्रांती होय, कारण लाचारीचा प्रसंगच उरला नाही. पण भाषा मागेच राहिली. तिकीट काढून आलेल्या अनोळखी माणसाला रंगमंचावरून आजही 'रसिक मायबाप' म्हटले जाते. पडद्यामागची भाषा मात्र रोखठोक आहे : नटाला प्रयोगागणिक मिळते ती 'नाईट'. एका दारातून मायबाप आत येतात, दुसऱ्या दाराशी नाईट मोजली जाते.

प्रेक्षकांनीही दिलेल्या पैशाचा हिशेब आपल्या परीने चुकता करून घेतला. एका तिकिटात वन्समोर किती मागायचे, याला धरबंध नव्हता आणि संगीत नाटके त्यामुळे उत्तररात्रीपर्यंत चालत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या मंडळ्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा पुढच्या जागांचे दर शंभर रुपयांपर्यंत गेले होते. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. एवढा दर उघडपणे सांगता आला, कारण तो कलावंताच्या खिशात जाणार नव्हता. त्याच काळात गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतलेली होती, हेही नोंदवून ठेवू.

तमाशाच्या फडात तिकीट आले, पण त्याने जुन्या रीती पुसल्या नाहीत. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावकरी नारायणगावला येतात. तिथे फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि खेळाची 'सुपारी' ठरते. देवाला, लग्नाला, शुभकार्याला आमंत्रण द्यायची ती सुपारी इथे कराराची खूण झाली. (तोच शब्द पुढे मुंबईच्या गुन्हेगारी जगात कोणत्या अर्थाने गेला, ते सर्वांना ठाऊक आहे.) फडातले कलावंत हंगामाआधी मालकाकडून 'उचल' घेतात. उचल हा शब्द ऊसतोड कामगाराचाही आहे. बिदागी आणि नजराणा या शब्दांनी झाकलेले सत्य हा एक शब्द उघडे करतो : काम करण्यापूर्वीच माणूस कर्जात आहे.

आता दौलतजादा. संगीतबारीच्या कला केंद्रांत, चौफुला, मोडनिंब, जामखेड अशा ठिकाणी, ही रीत टिकून राहिली. लावणी सुरू असताना समोर बसलेला शौकीन नोट पुढे करतो. नाचणारी स्त्री जवळ येते, नोट घेते, फर्माईश ऐकते. दुसऱ्याला ती लावणी नको असेल तर तो मोठी नोट पुढे करतो आणि गाणे वळते. नोटा देणाऱ्यांत चढाओढ लागते आणि पाहणारे आता लावणीबरोबर ती चढाओढही पाहू लागतात. तमाशाच्या मोठ्या फडात हेच ध्वनिक्षेपकावरून होते : अमुक गावच्या अमुक पाटलांकडून इतके रुपये बक्षीस, आभारी आहोत. नाव, गाव, रक्कम, आभार. सुपर चॅटच्या पट्टीत यापलीकडे काय असते?

शब्दाची फोड केली तर 'दौलत' आणि 'जादा', म्हणजे अधिक. देणाऱ्याची दौलत वाढो, असा आशीर्वाद त्यात ऐकू येतो. घेणारीने आशीर्वाद द्यायचा आणि देणाऱ्याने तो विकत घ्यायचा, अशी ही विलक्षण रचना आहे. त्या नोटेचा मार्ग मात्र तिच्या हाताशी संपत नाही. कला केंद्राचा मालक, पार्टीची मालकीण, पेटीवाला, ढोलकीवाला आणि मागे घर, असे तिचे वाटे होतात.

घराचा वाटा किती खोल असतो, हे किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात दाखवले. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर बाप आणि भाऊ बसून खातात आणि तिचे लग्न होऊ नये अशी व्यवस्था घरच करते, कारण लग्न झाले तर कमाई थांबते. दौलतजादाबद्दल लिहिलेले बहुतेक रसाळ वाङ्मय नोट देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे. ज्या स्त्रीच्या हातून ती नोट पुढे जाते, तिच्या मुलाने लिहिलेले हे पुस्तक म्हणून वेगळे ठरते.

आणि एक क्रियापद पाहू. भाऊबीजेला बहीण ओवाळते, भाऊ ताटात पैसे ठेवतो, ती ओवाळणी. नाचणारणीवरून नोट फिरवून टाकली जाते, तेही ओवाळणेच, पण 'ओवाळून टाकणे'. ओवाळून टाकलेली वस्तू इडापिडा घेऊन जाते आणि ती उचलणारा समाजात खालचा ठरतो. 'ओवाळून टाकलेला' ही मराठीत शिवी आहे. पैसा तोच, हाताची गती जवळजवळ तीच. तो ताटात पडला की मान, जमिनीवर पडला की अपमान. 'उधळणे' त्याहून पुढचे : उधळलेला पैसा वाकून वेचावा लागतो.

हा फरक नुसता भाषेचा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयात सिद्ध झाले. महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्स बारवर बंदी घातली, ती २०१३ मध्ये रद्द ठरली आणि २०१६ मध्ये राज्याने नवा कायदा केला. त्यात नाचणाऱ्या स्त्रीवर नाणी वा नोटा उधळण्यास मनाई होती आणि बक्षिसी द्यायचीच तर ती बिलात जमा करावी, असे बंधन होते. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने पहिला भाग राखला आणि दुसरा रद्द केला : पैसे उधळता येणार नाहीत, पण तिच्या हातात देता येतील. दोन क्रियापदांमधली रेषा न्यायालयाने आखून दिली. बिलाची अट गेली हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण तिच्या नावाचा पैसा तिच्याआधी मालकाच्या गल्ल्यात जाण्याचा मार्ग त्या अटीने कायदेशीर झाला असता.

इंटरनेटवर हा व्यवहार प्रथम रुजला तो पूर्व आशियात, आणि तिथल्या भाषांनीही आपापल्या जुन्या पेट्या उघडल्या. कोरियात पूर्वी आफ्रिकाटीव्ही या नावाने चालणाऱ्या संकेतस्थळावर २००७ पासून प्रेक्षक 'ताऱ्यांचे फुगे' विकत घेऊन कलावंताला देतात. एका फुग्याची किंमत शंभर वॉन, पण बोलताना वॉन कुणी म्हणत नाही, फुगे मोजतात. जपानी भाषेत अशा पैशाला 'नागेसेन' म्हणतात, अर्थ अक्षरशः 'फेकलेली नाणी'. चिनी भाषेतील 'दाशांग' या शब्दात वरच्याने खालच्याला दिलेल्या बक्षिसीची छटा आहे. म्हणजे फुग्याआड पैसा लपवणे, नाणे फेकणे आणि इनाम देणे या तिन्ही तऱ्हा आपल्याकडच्याच ओळखीच्या.

मराठी वाहिन्यांनी यासाठी निवडलेला शब्द आहे 'सपोर्ट'. पैसे द्या, असे कुणी म्हणत नाही. 'सपोर्ट करा', 'मेंबर व्हा', 'तुमचे प्रेम असू द्या' असे म्हणतात. बिदागीचे काम आता हा इंग्रजी शब्द करतो. तो वापरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्या भाषेने कलावंताला आपला दर उघड सांगण्यासाठी एकही सभ्य शब्द दिला नाही, तिच्यात त्यांनी दुसरे काय करावे?

वाटेकरीही गेलेले नाहीत. सुपर चॅटच्या उत्पन्नातील तीस टक्के यूट्यूब ठेवते. कला केंद्राच्या मालकाचा वाटा प्रत्येक नाचणारीला ठाऊक असे. पट्टी पाठवणाऱ्या किती जणांना या तीस टक्क्यांची कल्पना असते, कोण जाणे.

एक फरक मात्र खरा आहे. बारीत नोट घेण्यासाठी तिला जवळ जावे लागे. हात धरला जाई, नोट मागे ओढली जाई, आणि नजरेने नकार देण्याची कलाही तिला शिकावी लागे. पडद्यापलीकडच्या गायिकेचा हात कुणी धरू शकत नाही. पैसे आधी जमा होतात आणि सोबतचा मजकूर नको असेल तर ती तो वाचत नाही, गात राहते.

आणि पट्टीसाठी मराठीने कोणते क्रियापद घेतले? 'सुपर चॅट टाकला' असे आपण म्हणतो. कमेंट टाकतो, पोस्ट टाकतो, त्याच ओघात ते आले असणार. ओवाळून टाकण्याशी त्याचा संबंध नसावा.