रिसाला बंद पडतो तेव्हा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी लोखंडी पेटी असेल. आमच्याही घरी होती. माझे दादा, म्हणजे आजोबा, निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले होते आणि हिकमतीची उर्दू मासिके मोठ्या आवडीने त्या पेटीत ठेवीत. त्या पेटीकडे मी शेवटी वळेन. आधी थोडा इतिहास पाहू.

आपले वसमत १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, परभणी जिल्ह्यात. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ साली. तेव्हा आपल्या आजा-पणजांच्या काळातील वैद्यकाचा माग काढायचा, तर मुंबईच्या आधी हैदराबादकडे पाहावे लागते. तेथे १८४६ साली, निजाम नासिरुद्दौला यांच्या काळात, रेसिडेन्सीचे डॉक्टर मॅक्लीन यांच्या हाताखाली वैद्यकीय शाळा सुरू झाली. आजचे उस्मानिया मेडिकल कॉलेज ते हेच. विशेष म्हणजे या शाळेत शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया उर्दूतून शिकवीत. डॉक्टरकी इंग्रजीवाचून येतच नाही असे मानणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

मॅक्लीन यांच्यानंतर आलेल्या डॉक्टर जॉर्ज स्मिथ यांनी १८५५-५६ च्या सुमारास ‘रिसाला तबाबत’ नावाचे वैद्यकीय नियतकालिक उर्दूत काढले. हैदराबादच्या उर्दू पत्रकारितेच्या इतिहासात आद्य नियतकालिक म्हणून त्याचे नाव घेतात. म्हणजे त्या शहरातील नियतकालिकांचा आरंभ राजकारणाने वा शायरीने झाला नाही, रोग आणि औषध यांच्या चर्चेने झाला! हा रिसाला पुढे बंद पडला. आज त्याचे नाव अभ्यासकांनाच काय ते ठाऊक आहे.

आता याच्या शेजारी दुसरे एक नियतकालिक ठेवून पाहा. कलकत्त्याहून १८६६ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ निघू लागले आणि १९५५ साली तेही बंद पडले. परंतु त्याचे नव्वद वर्षांचे अंक जगभरच्या ग्रंथालयांत बांधून ठेवलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संग्रहात आता त्यांची पानन्‌पान छायाचित्रे आहेत, आणि वसमतचा विद्यार्थीसुद्धा मोबाईलवर ती विनामूल्य वाचू शकतो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा डॉक्टर काय म्हणत होते, कोठे चाचपडत होते, हे त्यांच्याच शब्दांत तेथे सापडते.

चाचपडणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. याच हैदराबादच्या शाळेचे प्रमुख डॉक्टर एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मने भूल देताना रोगी का दगावतात हे शोधण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली दोन समित्या नेमवून घेतल्या. दुसऱ्या समितीसाठी निजाम महबूब अली खान यांनी पैसा दिला आणि लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की धोका श्वास थांबण्याचा आहे, हृदयाचा नव्हे; श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणजे झाले. पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाही हृदय एकाएकी कोलमडू शकते. हैदराबादचा निष्कर्ष अपुरा ठरला. पण तो अपुरा होता हे आपल्याला कळते कशावरून? प्रयोगांची टिपणे आणि त्यावरचे वादविवाद छापले गेले आणि टिकले म्हणून. केवळ बरोबर ठरलेली पाने जपायची आणि चुकलेली रद्दीत घालायची, हा शास्त्राचा इतिहास नव्हे.

आपण म्हणाल, हे कागदाचे झाले. आता सारे संगणकावर असते, त्याला वाळवी कोठली? दुर्दैवाने तसे नाही. २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून सुमारे पावणेदोनशे विनामूल्य संशोधन-नियतकालिके नाहीशी झाल्याचे लाक्सो, मथायस आणि यान या अभ्यासकांनी मोजून दाखविले. प्रकाशक दमला, भाडे थकले, की पाने गेली. कागदाचा अंक निदान कोणाच्या तरी माळ्यावर पडून राहतो.

यावर उपाय निघाला आहे. अवयवरोपणाविषयीचे ‘ग्राफ्ट’ नावाचे नियतकालिक २००३ साली बंद झाले. त्याचे अंक ‘क्लॉक्स’ या ग्रंथालयांच्या आणि प्रकाशकांच्या संस्थेने आधीच राखून ठेवले होते. २००८ साली तिने ते सर्वांना खुले केले. पद्धत साधी आहे. एकच मजकूर निरनिराळ्या देशांतील ग्रंथालयांच्या संगणकांवर ठेवायचा. हे संगणक आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात, आणि एखादी बिघडलेली आढळली की इतरांवरून दुरुस्त करतात. यातील महत्त्वाचा शब्द ‘आधीच’ हा आहे. मासिक बंद पडल्यावर धावाधाव करून हाती फारसे लागत नाही.

इंग्रजी गॅझेटला असे रक्षक मिळाले. उर्दूची वाट बिकट झाली. १९४८ नंतर शिक्षणाची भाषा बदलली, १९५६ साली संस्थानाचे तीन वाटे झाले. आपण मराठीकडे आलो आणि उर्दू वाचणारे घराघरांत कमी होत गेले. तरीही सारे गेले असे नाही. हैदराबादेत वैद्यकाच्या इतिहासाची संस्था आहे. ‘रेख्ता’ने हजारो उर्दू पुस्तके आणि मासिके छायाचित्रांच्या रूपाने खुली केली आहेत. पण या संस्था आपल्या माळ्यावर चढणार नाहीत. कोणाच्या घरी असा जुना अंक निघाला तर प्रथम मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्या, कारण नाव, महिना, वर्ष आणि छापखाना बहुधा तेथेच असतो. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद पिवळा करतो. पाने सुटी झाली असतील तर क्रम न मोडता ठेवा.

हे मला कळले फार उशिरा. दादांच्या इंतकालनंतर पेटी उघडली तेव्हा आतील पाने पुष्कळशी शाबूत होती. नुस्खे होते, वाचकांचे प्रश्न आणि हकीमांची उत्तरे होती. मुखपृष्ठे मात्र एकाही अंकाला नव्हती. मी चौथीत असताना जाड, रंगीत कागद म्हणून ती फाडून माझ्या वह्यांना घातली होती. त्यामुळे ते अंक कोणत्या मासिकाचे आणि कोणत्या सालचे, हे मला आजतागायत सांगता येत नाही.