निखाऱ्यांवर थंडी

चपला काढा. मोबाइलही ठेवा, दीडशे वर्षं मागे तो चालणार नाही. पायांना जांभ्याची जमीन अजून कोमट लागतेय ना? उत्तर मलबारातल्या एका कावूत, म्हणजे देवराईतल्या देवस्थानात, आलात तुम्ही.

काळोख आणि रेटारेटी. सुक्या झावळ्यांच्या चुडी पेटल्यात, धुराने डोळे चुरचुरतात. कुणाच्या केसांना खोबरेलाचा वास, कुणाच्या तोंडाला माडीचा. चेंडा, म्हणजे इथला ढोल, घुमू लागतो आणि कानांआधी छातीला कळतो.

त्या आडोशामागे डोकवा. एक माणूस उताणा पडलाय. दुसरा नारळाच्या हिराने त्याच्या चेहऱ्यावर रेघा ओढतोय : हिंगूळ, काजळी, हळद, तांदळाचं पीठ. शिंकू नका, रेघ हलेल! पडलेला माणूस मलयन जातीचा. काल जमीनदार समोरून आला तेव्हा हाच बांध सोडून चिखलात उतरला होता. कुणी किती लांब थांबायचं हे इथे जात ठरवते.

आता डोक्यावर मुकुट चढतो, हातात आरसा येतो. आरशात त्याला देवीच दिसते, ही इथल्या प्रत्येकाची खात्री. अंग थरथरतं, वाळे खणखणतात, गर्दी मागे हटते. तोच जमीनदार हात जोडून पुढे येतो. देवी त्याची विचारपूस करते, चार शब्द सुनावतेही. तो मान खाली घालून ऐकतो.

थांबा, पहाटेआधी पोट्टन यायचाय. शंकराचार्यांची वाट अडवणारा चांडाळ तुम्हाला ठाऊक आहे. तोच हा, शिव. निखाऱ्यांच्या ढिगाची धग इतकी की तुमच्या भुवया तापल्यात. मुखवटा घातलेला, कोवळ्या झावळ्या नेसलेला पोट्टन त्या ढिगावर खुशाल आडवा होतो आणि म्हणतो, थंडी वाजतेय! लोक हसतात. हसवता हसवताच तो आचार्यांना शिवाशिवीचा जाब विचारतो, आणि तो ऐकवायलाच तुम्हाला इथे आणलं. उजाडल्यावर हाच माणूस पुन्हा बांधाखाली उतरेल, हे मला फार लागतं. तरी जमीनदाराच्या तोंडावर हा जाब दरवर्षी विचारला जातो, ही लहान गोष्ट नाही.

हात पुढे करा, प्रसादाची हळद घ्या.

आत्ता पाहिलेत ते तेय्यम, माणसाच्या अंगात देव उतरण्याचा विधी. तेय्यम आजही होतात, ऑक्टोबरअखेरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, कण्णूर-कासरगोडच्या गावोगावी. मुंबईहून निघणारी नेत्रावती एक्स्प्रेस कण्णूरला थांबते. या हंगामात खरंच जाऊन या.