द्वारकानाथ कोटणीस यांचे चीनमधील वास्तव्य

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०, सोलापूर – ९ डिसेंबर १९४२, हेबेई प्रांत, चीन) हे चीन–जपान युद्धाच्या काळात चीनमध्ये वैद्यकीय सेवा करणारे मराठी शल्यविशारद होत. सप्टेंबर १९३८ पासून मृत्यूपर्यंत सुमारे सव्वाचार वर्षे त्यांचे वास्तव्य चीनमध्ये होते. व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. परंतु त्यामुळे त्यांच्या मृत्यूकडे जितके लक्ष वेधले गेले, तितके त्या सव्वाचार वर्षांतील रोजच्या जगण्याकडे गेले नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच भागाचा विचार केला आहे.

पथकाची पाठवणी

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जनरल झू दे यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याकडे डॉक्टर व औषधे पाठविण्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला. पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख डॉ. मदन अटल हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर हे वयाने ज्येष्ठ, तर कोटणीस, बिजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी हे तरुण होते. पाचांपैकी दोघे मराठी भाषक होते, ही गोष्ट मराठीतील लेखनात क्वचितच नोंदविली जाते.

कोटणीस यांचे वडील सोलापुरात गिरणीत कारकून होते. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण केलेल्या मुलाने स्थिर व्यवसाय सुरू करावा, अशी अशा कुटुंबाची स्वाभाविक अपेक्षा असते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून ‘राजपुताना’ या बोटीने निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला पोहोचले. तेथून हांखौ, यिचांग, चुंगकिंग असा प्रवास करीत, वाटेतील रुग्णालयांत काम करीत ते पुढे सरकले. येनानला जाण्यापूर्वीच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. ते परतले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. तथापि त्यांनी पथकासोबत पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

येनानमधील जीवन

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोहोचले. जपानी विमानांच्या बाँबहल्ल्यांमुळे तेथील वस्ती डोंगराच्या पिवळ्या मातीत कोरलेल्या गुहांमध्ये हलली होती. रुग्णालयही गुहांतच होते. हिवाळ्यात कापूस भरलेले जाड अंगरखे आणि खालून ऊब दिलेले मातीचे ओटे, ज्यांवर घरातील सर्वजण झोपतात, हीच थंडीपासून बचावाची साधने होती.

आहारात मुख्यतः राळे असत. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला भरड धान्याचे नवल नव्हते. परंतु रोज राळ्याची पेज व घावनासारखे जाडेभरडे पदार्थ, सोबत थोडी भाजी, हा बदल लहान नव्हता. चोळकर व मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने १९३९ मध्येच परतले. अटलही पुढे परतले. मागे राहिले कोटणीस आणि बसू.

नाव आणि भाषा

पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे चीनवाचक अक्षर जोडले. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. सहकारी व गावकरी त्यांना जिव्हाळ्याने ‘लाओ के’ म्हणत. चिनी भाषेत ‘लाओ’ हा शब्द परिचिताच्या आडनावापूर्वी आपुलकीने लावला जातो.

सुरुवातीस दुभाष्याशिवाय काम चालत नसे. परदेशी डॉक्टर बहुधा शेवटपर्यंत दुभाष्यावरच अवलंबून राहतात. कोटणीस यांनी मात्र चिनी बोलण्याबरोबरच लिहिण्याचाही सराव केला आणि पुढे ते विद्यार्थ्यांना चिनी भाषेतच शिकवू लागले. जखमी सैनिकाला कोठे दुखते हे त्याच्याच तोंडून समजून घेणे आणि दुभाष्यामार्फत समजून घेणे यांतील अंतर वैद्यकात फार मोठे असते. त्यांच्या चीनमधील स्वीकाराचे मूळ शस्त्रक्रियांइतकेच या भाषेत आहे, असे म्हणता येईल.

आघाडीवरील काम

१९३९ च्या अखेरीस अटल, बसू व कोटणीस आघाडीकडे निघाले. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी जंतुसंसर्गाने मरण पावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात व वैद्यकीय शाळेत कोटणीस १९४० मध्ये काम करू लागले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. हे रुग्णालय हेबेई प्रांतातील तांग तालुक्यात गेगोंग या गावी होते.

‘रुग्णालय’ या शब्दाने इमारत डोळ्यांपुढे येते. येथे तसे नव्हते. रुग्ण शेतकऱ्यांच्या घरांत ठेवलेले असत. जपानी सैन्य प्रदेश पिंजून काढण्यास निघाले की साहित्य खेचरांवर लादून, जखमींना डोल्यांतून उचलून सर्वांना डोंगरात पांगावे लागे. औषधांची सतत टंचाई असे. १९४० च्या ‘शंभर रेजिमेंट’ मोहिमेत तेरा दिवसांत ८०० हून अधिक जखमी त्यांच्या केंद्रात आले व त्यांपैकी ५५८ जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, अशी चिनी वृत्तांतांत नोंद आहे.

शस्त्रक्रिया संपल्यावर अध्यापन सुरू होई. पुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिले. दुसऱ्या पुस्तकाचे काम मृत्यूमुळे अपुरे राहिले.

विवाह, आजार व मृत्यू

१९४१ च्या अखेरीस त्यांनी बेथून शाळेत शिकविणाऱ्या परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव सेनापती न्ये रोंगझेन यांनी ‘यिनहुआ’ असे ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले.

या सुमारास त्यांना अपस्माराचे झटके येत होते. अपुरी झोप, निकृष्ट आहार आणि सततची धावपळ यांत उपचारांना वाव नव्हता. बाहेर जाऊन उपचार घेण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला असताही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी लागोपाठ आलेल्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षे होते आणि मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता.

पुढील काळ

त्यांची समाधी आज शिजियाझुआंग येथील हुतात्मा उद्यानात आहे. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये मरण पावला. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि सासरच्या मंडळींना भेटण्यासाठी त्या भारतातही येऊन गेल्या. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये कोटणीस यांच्यावर टपाल तिकीट काढले. सोलापुरातील त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन १ जानेवारी २०१२ रोजी झाले. पथकाच्या दैनंदिन जीवनाविषयी सर्वांत जवळची माहिती बसू यांच्या इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या दैनंदिनीत मिळते.