हवाई सिपायाचे विमान

चंदीगड शहराच्या पूर्व कडेला, सुखना सरोवराच्या पलीकडे, किशनगढच्या परिसरात राजीव गांधी तंत्रज्ञान उद्यान वसले आहे. 2005 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याचे औपचारिक नाव फारसे कोणी उच्चारत नाही. सर्वांच्या तोंडी ‘आयटी पार्क’ हेच रूढ आहे. तेथून मध्य मार्गाने पश्चिमेकडे निघालेला प्रवासी थोड्याच वेळात सेक्टर 18 मध्ये येतो. शासकीय मुद्रणालयाची जुनी वास्तू येथेच आहे. मॅक्सवेल फ्राय यांनी रचलेली ही वास्तू नव्या राजधानीच्या आरंभीच्या इमारतींपैकी एक होय. छपाई बंद झाल्यावर काही काळ ती रिकामी राहिली. पुढे भारतीय वायुसेना आणि चंदीगड प्रशासन यांनी मिळून तेथे वायुसेनेचे वारसा केंद्र उभारले. 8 मे 2023 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

या संग्रहालयात येणाऱ्यांची पावले प्रथम लढाऊ विमानांकडे वळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. येथील चिमुकले नॅट विमान पाहताना 14 डिसेंबर 1971 या दिवसाचे स्मरण होते. त्या दिवशी श्रीनगरच्या धावपट्टीवर शत्रूचा हल्ला चालू असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंह सेखों यांनी आपले नॅट आकाशात नेले आणि अनेक विमानांशी एकट्याने झुंज देत प्राणार्पण केले. वायुसेनेच्या वाट्याला आलेले परमवीरचक्र आजवर एकच, आणि ते त्यांचे.

तथापि, या दालनांतील इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे एक साधे, एकाच इंजिनाचे छोटे विमान. कोणत्याही युद्धाच्या कथेत त्याचा उल्लेख नाही. त्याचे नाव ‘कानपूर-1’. 1958 मध्ये कानपूरच्या बेस रिपेअर डेपोत, म्हणजे जेथे मोडकी विमाने दुरुस्तीसाठी येत अशा ठिकाणी, ते घडवले गेले. त्याचे रचनाकार होते हरजिंदर सिंह.

हरजिंदर सिंह यांचे चरित्र हा वायुसेनेच्या जन्मकथेचाच एक भाग आहे. लाहोरच्या मॅक्लेगन इंजिनियरिंग कॉलेजात शिकलेला हा तरुण अधिकाऱ्याची वाट सोडून ‘हवाई सिपाई’ म्हणून भरती झाला. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ चार वापिटी विमाने, सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई सिपाई होते. भारतीयांना विमाने सांभाळता येतील काय, अशी शंका त्या काळच्या अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मनात होती. वैमानिकाने उड्डाण करून दाखवले तरी ती शंका पुरती फिटणार नव्हती. तिचे उत्तर हँगरमधील हातांनीच द्यावयाचे होते.

ते उत्तर 1942 च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशात मिळाले. तौंगू येथे करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीकडे लायसँडर विमाने होती. भूसेनेसाठी टेहळणी करणे हे या विमानाचे मूळ काम. हरजिंदर सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध साधनांनिशी त्यांत फेरफार केले आणि 250 पौंडी बाँब वाहून नेण्याची सोय केली. मजुमदारांनी थायलंडमधील जपानी तळावर केलेला हल्ला गाजला, आणि तो गाजावयास हवाच होता. परंतु त्या उड्डाणाच्या आधी रात्र जागवणारे कारागीर त्या पराक्रमाचे तितकेच भागीदार होते.

पुढे हाच हवाई सिपाई एअर व्हाइस मार्शलच्या पदापर्यंत चढला आणि वायुसेनेच्या अनुरक्षण कमानीचा प्रमुख झाला. या कमानीचे मुख्यालय आज नागपूरला आहे.

‘कानपूर-1’ चंदीगडला आले कसे, याची हकिगतही लक्षणीय आहे. फाळणीत मॅक्लेगन कॉलेजची इमारत लाहोरला राहिली. भारतात त्याची परंपरा पुढे चालवणारी संस्था काही काळ रुडकीला होती आणि 1953 मध्ये चंदीगडला स्थिरावली. तीच पंजाब इंजिनियरिंग कॉलेज होय. हरजिंदर सिंहांचे विमान अनेक वर्षे याच संस्थेने जपले आणि पुढे वारसा केंद्राच्या स्वाधीन केले. लाहोरला विद्यार्थ्याचे जे घर सुटले, त्याच घराच्या नव्या अंगणात त्याची कृती सुरक्षित राहिली.

मराठी प्रेक्षकाला मात्र येथील मिग-21 अधिक ओळखीचे वाटेल. या विमानाची भारतातील पहिली तुकडी 1963 मध्ये चंदीगडलाच उभी राहिली आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी याच शहरात त्याला निरोप देण्यात आला. या दोन टोकांच्या मध्ये नाशिकजवळचे ओझर आहे. तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात शेकडो मिग-21 तयार झाली. निफाड-दिंडोरी पट्ट्यातील कित्येक घरांत ‘मिग’ हा शब्द युद्धवार्तांतून आला नाही. तो पाळीच्या वेळापत्रकातून आणि जेवणाच्या डब्याबरोबर घरी आला. बासष्ट वर्षांच्या सेवेत या विमानाने युद्धे गाजवली, तसेच अपघातांत अनेक तरुण वैमानिकांचे प्राणही गेले. रंगरंगोटी करून मांडलेल्या सांगाड्यावर यांपैकी कशाचीच खूण उरत नाही. गौरव आणि शोक दोन्ही बरोबर घेऊनच प्रेक्षकाने त्याच्यासमोर उभे राहिले पाहिजे.

स्मारके बहुधा मृत्यूची नोंद ठेवतात, श्रमाची क्वचितच. हुतात्म्याचे नाव शिलालेखावर कोरता येते. परंतु ज्याने स्क्रू वेळीच आवळला आणि त्यामुळे जो अपघात घडलाच नाही, त्याची नोंद कोठे करावयाची? हा प्रश्न केवळ वायुसेनेपुरता नाही. याच वास्तूत एके काळी खिळे जुळवणारे कामगार सरकारची राजपत्रे छापत होते. त्यांचीही नावे त्या पानांवर नव्हती. आयटी पार्कमध्ये आज संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांची स्थिती याहून फार निराळी नाही.

म्हणूनच वारसा केंद्राच्या सुमारे 17,000 चौरस फुटांच्या पसाऱ्यात ‘कानपूर-1’चे स्थान मोलाचे ठरते. ते पाहावयास आलेल्या शाळकरी मुलांना आधी कृत्रिम उड्डाणयंत्रात बसावयाचे असते. त्यांच्या वयाला ते शोभतेही. परंतु बाहेर पडण्यापूर्वी एखादे मूल या विमानापाशी थांबून ‘हे कोणी बांधले?’ असे विचारते, तेव्हा शिक्षकाला वैमानिकाचे नव्हे, तर एका हवाई सिपायाचे नाव सांगावे लागते.