मृगाआधीची दुरुस्ती

जुन्या गावातला कुणबी स्वयंपूर्ण होता, मोडलेले औत स्वतःच सरळ करायचा, असे आपण सहज धरून चालतो. देशावरच्या शेतीतली उन्हाळ्यातली कामे पाहिली तर ही समजूत टिकत नाही. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि त्याआधी सगळे अवजार कामाला तयार लागते. बांध घालणे, धसकटे वेचणे, गोठा शाकारणे ही कामे घरची माणसे उरकत. पण नांगराचा फाळ बोथट झाला, कुळवाची पास झिजली किंवा गाडीच्या चाकाची धाव सैल झाली की लोहार लागे. पाभरीचा फण हलू लागला, जू चिरले की सुतार. मोट फाटली की चांभार. तिचा नाडा तुटायला आला की मांग. शिवाय ही गरज साऱ्या गावाला एकाच पंधरवड्यात भासे. बलुतेदारीचा आर्थिक अर्थ लावायचा तर तो या गर्दीतून लावावा लागतो. ऐन हंगामात गावात कारागीर हजर असेल, याची हमी म्हणून गाव त्याला वर्षभर पोसत असे.

म्हणूनच दर कामाला दाम नसे. बाभळीचे लाकूड, लोखंड, कोळसा शेतकऱ्याने आणायचा, भाता ओढायला आणि घण मारायला घरचा माणूस द्यायचा. कारागिराचे कसब आणि वेळ मात्र खळ्यावर रास झाली की धान्याच्या वाट्यात फिटे. पेरणी चुकली तर रास लहान होई आणि तिच्याबरोबर लोहाराचा वाटाही. वेळेवर दुरुस्ती करण्यात दोघांचेही हित गुंतलेले होते.

यावर पहिला आक्षेप न्याय्यच आहे: ही हमी जातीच्या सक्तीवर उभी होती. सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचे. महार-मांगांच्या वाट्याला तर अप्रतिष्ठा आणि गावकीची वेठही आली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याच बंधनाला हात घालण्यासाठी. दुसरी तक्रार उलट बाजूची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त कारू-नारूंचे, म्हणजे गावच्या कारागीर-सेवेकऱ्यांचे, ओझे कुणब्याला पेलवेनासे झाल्याचे मांडले. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कामाची किंमत घासाघिशीने नव्हे, रूढीने ठरत असल्यामुळे देणाऱ्याला ती जड वाटे आणि घेणाऱ्याला अपुरी पडे.

ही व्यवस्था लोखंडी नांगराने मोडली, असेही म्हटले जाते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथला नांगर हरळी-कुंदा उखडत खोल जाई, आणि झिजलेला फाळ काढून कारखान्यातला नवा बोल्टने बसवता येई. सुताराचे आणि लोहाराचे काम त्याने घटवले, यात शंका नाही. पण भेग त्याआधीच पडली होती. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १७७१ साली सरासरी सुमारे ४० एकर असलेले खाते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलेले दिसते. एवढ्याशा तुकड्यावरच्या राशीतून अनेकांचे वाटे काढणे अवघडच. शिवाय नगदी पिके आली, शहरांतल्या गिरण्या आणि कारखाने रोख मजुरी देऊ लागले. कारागिरालाही गावाला बांधून राहण्याचे कारण उरले नाही.

बलुते गेले याचे दुःख करण्याचे म्हणूनच कारण नाही. माणसाला जन्माने कामाला जुंपणारी हमी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर जोखमीची वाटणीही गेली. आज पेरणीच्या तोंडावर पंप जळाला, ट्रॅक्टर अडला, तर मेकॅनिकला त्याची मजुरी मिळते, दुकानदाराला सुट्या भागाचे पैसे मिळतात. चुकलेल्या वाफशाचा तोटा एकट्या शेतकऱ्याचा. अवजारांच्या अनुदानाची चर्चा खरेदीवर थांबते. हंगामात दुरुस्ती वेळेवर मिळण्याची हमी, जातीच्या सक्तीशिवाय, कुणी द्यायची हा प्रश्न बलुतेदारी संपल्यापासून तसाच पडून आहे.