ग्रो लाइट

ग्रो लाइट किंवा वनस्पतिवर्धक दिवा हा वनस्पतींच्या वाढीसाठी वापरला जाणारा कृत्रिम प्रकाशस्रोत होय. सूर्यप्रकाश पुरेसा मिळत नाही अशा खोल्या, रोपवाटिका, प्रयोगशाळा आणि बंदिस्त शेती यांमध्ये त्याचा उपयोग होतो. बाजारात या नावाने खास दिवे मिळतात; मात्र वनस्पतीच्या दृष्टीने दिव्याचे नाव महत्त्वाचे नसून पानांवर किती प्रकाश आणि किती वेळ पडतो हे महत्त्वाचे असते. त्यामुळे घरगुती वापरात नेहमीचा पांढरा एलईडी बल्बही हे काम करू शकतो.

इतिहास

विजेच्या प्रकाशावर वनस्पती वाढविण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. १८८० च्या सुमारास विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमध्ये प्रज्योत दिव्यांच्या प्रकाशात रोपे वाढवून पाहिली. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनी हरितगृहात असेच प्रयोग केले. १९२० मध्ये गार्नर व अलार्ड यांनी दिवसरात्रीच्या लांबीचा फुलोऱ्यावर होणारा परिणाम, म्हणजेच दीप्तिकालिता, दाखवून दिली. १९७२ मध्ये कीथ मॅक्री यांनी वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात अनेक पिकांच्या पानांचे प्रकाशसंश्लेषण मोजले.

पुढे हरितगृहांत सोडियम बाष्प दिवे आणि घरांत फ्लुरोसंट नळ्या रूढ झाल्या. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला. या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ७० रुपयांना मिळू लागला आणि कमी खर्चाचा प्रकाशस्रोत सामान्य घरांच्या आवाक्यात आला.

प्रकाश आणि त्याची मापने

प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश अधिक शोषते. तरीही हिरवा प्रकाश वाया जातो हा समज चुकीचा आहे. पान त्यातीलही बराच भाग शोषते. म्हणूनच पांढऱ्या प्रकाशात रोपे उत्तम वाढतात आणि जांभळा दिवा अनिवार्य ठरत नाही.

बल्बच्या खोक्यावर दिलेले लुमेन हे माप मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेले असते. वनस्पतीसाठी दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण मोजावे लागतात; त्याचे एकक मायक्रोमोल होय. थंड पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लुमेनला साधारण ७० ने भागल्यास मायक्रोमोलचा अंदाज मिळतो. हा नियम लाल-निळ्या दिव्यांना लागू पडत नाही, कारण मानवी डोळ्याला ते मंद भासतात.

दिवसभरात एक चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांची बेरीज मोलमध्ये सांगतात. महाराष्ट्रात निरभ्र दिवशी उघड्यावर ही बेरीज ४० मोलच्या आसपास जाते. मनीप्लांट व स्नेक प्लांट यांसारखी सावलीतील झाडे २ ते ४ मोलवर तग धरतात. लेट्यूससारख्या पालेभाजीला १२ ते १७ मोल, तर टोमॅटो व मिरचीला २० मोलहून अधिक प्रकाश लागतो.

दिव्यांचे प्रकार आणि वीजखर्च

पुढील तक्त्यात दिवा रोज १४ तास, महिन्यातील ३० दिवस चालतो आणि विजेचा दर युनिटला ८ रुपये आहे असे गृहीत धरले आहे. लुमेनचे आकडे स्थूलमानाने दिले आहेत. प्रत्यक्ष वीजदर राज्य व वापराच्या टप्प्यानुसार बदलतो.

| दिवा | वॅट | लुमेन | मासिक युनिट | मासिक खर्च |
|---|---|---|---|---|
| तापदीप्त बल्ब | ६० | ७०० | २५.२ | २०२ रुपये |
| सीएफएल | १५ | ८५० | ६.३ | ५० रुपये |
| एलईडी बल्ब | ९ | ९०० | ३.८ | ३० रुपये |
| एलईडी बॅटन | २० | २,००० | ८.४ | ६७ रुपये |

तापदीप्त बल्बची बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. तो झाडाजवळ नेल्यास पाने करपतात आणि दूर ठेवल्यास प्रकाश अपुरा पडतो. सीएफएल व फ्लुरोसंट नळ्या घरात असतील तर उपयोगी पडतात, परंतु त्यांत पारा असल्याने फुटल्यास काळजी घ्यावी लागते. एलईडी बल्बच्या बाबतीत एका वर्षाचा वीजखर्च सुमारे ३६० रुपये होतो, म्हणजे तो सहसा बल्बच्या किमतीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे खरेदी करताना किमतीइतकेच वॅटमागे मिळणारे लुमेन पाहणे आवश्यक ठरते.

साधा एलईडी बल्ब एका वॅटमागे दर सेकंदाला सुमारे दीड मायक्रोमोल प्रकाश देतो. चांगल्या प्रतीच्या व्यावसायिक ग्रो लाइटमध्ये हे प्रमाण अडीच किंवा त्याहून अधिक असते. मोठ्या लागवडीत हा फरक वीजबिलात भरून निघतो. दोन-चार कुंड्यांसाठी तो भरून निघण्यास बराच काळ लागतो.

घरगुती वापरासाठी निवड

सर्वांत स्वस्त प्रकाश खिडकीतला असतो. दिवा घेण्यापूर्वी कुंडी खिडकीजवळ हलविणे आणि काचेवरील धूळ पुसणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. त्यानंतरही नवी पाने लहान येत असतील, पेरांमधील अंतर वाढत असेल आणि खोड प्रकाशाकडे झुकत असेल, तर पूरक दिव्याची गरज आहे असे समजले जाते.

९ वॅटच्या, ९०० लुमेनच्या बल्बमधून दर सेकंदाला सुमारे १३ मायक्रोमोल प्रकाश मिळतो. त्यातील निम्मा प्रकाश ३० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद जागेवर पडला, तर १४ तासांत तेथे सुमारे साडेतीन मोलची बेरीज होते. म्हणजेच असा एक बल्ब एका-दोन सावलीतील झाडांना पुरतो. तेवढ्याच जागेत पालेभाजी घ्यायची असल्यास तीन-चार बल्ब लागतात. फळभाजीसाठी खर्च आणखी वाढतो आणि घरच्या टोमॅटोपेक्षा वीजच महाग पडू शकते. मोहरी किंवा मेथीचे कोवळे कोंब मात्र बियांतील अन्नसाठ्यावर वाढत असल्याने थोड्या प्रकाशात तयार होतात.

निवड करताना पुढील बाबी पाहिल्या जातात:

* खोक्यावरील प्रत्यक्ष वॅट व लुमेन. ‘१०० वॅटच्या बरोबरीचा’ यांसारखा मजकूर प्रत्यक्ष वीजवापर सांगत नाही.
* रंगछटा. ६,५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या प्रकाशात निळा भाग अधिक असल्याने रोपे आटोपशीर राहतात. २,७०० ते ३,००० केल्विनच्या पिवळसर प्रकाशात लाल भाग अधिक असतो. पालेभाज्या व शोभेच्या झाडांसाठी दोन्ही चालतात.
* आकार. एका कुंडीसाठी बल्ब, तर मांडणीवरील कुंड्यांच्या रांगेसाठी बॅटन सोयीचे असते.
* होल्डर. भारतात पिनची टोपी सर्रास वापरात असून टेबल लॅम्पमध्ये अनेकदा आट्यांची टोपी लागते.
* भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण.

अंतर आणि कालावधी

उघड्या बल्बचे अंतर दुप्पट केल्यास प्रकाश सुमारे एक-चतुर्थांश उरतो. म्हणून छताला लावलेला बल्ब झाडाला फारसा उपयोगी नसतो. तोच पानांपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर आणल्यास परिणाम दिसतो. पाने फिकट किंवा करपलेली दिसू लागल्यास अंतर वाढवतात. बल्बवर परावर्तक टोपण आणि मागे पांढरा पुठ्ठा लावल्यास बाजूला जाणारा प्रकाश पुन्हा झाडाकडे वळतो.

बहुतेक घरगुती झाडांना दिवसाला १२ ते १६ तास प्रकाश पुरतो. टोमॅटोला सलग २४ तास प्रकाश दिल्यास पानांना इजा होते. शेवंती व पॉइन्सेटिया यांना फुलण्यासाठी लांब रात्र लागते. त्यांच्याजवळ रात्री दिवा चालू राहिल्यास फुलोरा लांबतो. याउलट ड्रॅगन फ्रूटला लांब दिवस मानवतो. त्यामुळे महाराष्ट्रातील काही बागायतदार लहान दिवसांच्या हंगामात रात्री बागेत बल्ब लावून फुलोरा मिळवतात. या वापरात दिव्याचा उद्देश प्रकाशसंश्लेषण हा नसून झाडाला दिवसाच्या लांबीचा संकेत देणे हा असतो.

सुरक्षितता

पाणी व वीज जवळजवळ असल्याने वायर, जोडणी आणि टायमर कुंडीच्या पातळीपेक्षा वर ठेवतात आणि पाणी घालण्यापूर्वी दिवा बंद करतात. गळतीच्या वेळी वीज तोडणारे उपकरण घरात असणे हितावह असते. पूर्ण बंद आवरणात एलईडी बल्ब तापून त्याचे आयुष्य घटते, म्हणून त्याभोवती हवा खेळती ठेवावी लागते.

हे सुद्धा पहा

* प्रकाशसंश्लेषण
* दीप्तिकालिता
* हरितगृह
* हायड्रोपोनिक्स