धुऱ्यावरची वांझ तूर

वर्धा जिल्ह्यात तूर एकटी क्वचितच पेरली जाते. कपाशीच्या काही ओळी, मग तुरीचं एक तास, आणि उरलंसुरलं बी धुऱ्यावर. देवळीकडच्या आमच्या वावरात आबाजी तशीच पेरत. दिवाळीनंतर तूर पिवळ्या फुलांनी भरायची, आणि मधेच दोन-चार झाडं अशी निघायची की नवखा माणूस त्यांनाच सगळ्यांत तब्येतदार म्हणेल: दाट, झुडपासारखी, फिक्या हिरव्या बारीक पानांची. फूल मात्र एक नाही. आबाजी म्हणत, वांझ गेली. तरी उपटत नसत. शेंग नाही तर नाही, उन्हाळ्यात बकऱ्यांना पाला तरी होतो, हा त्यांचा हिशेब.

हे वांझपण म्हणजे रोग, आणि हाच हिशेब त्या रोगाच्या पथ्यावर पडत होता, हे समजायला देशाला बराच काळ लागला. पहिली शास्त्रीय नोंद 1931 ची, बिहारमधल्या पुसाची. मित्रा यांनी केलेली. कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. 1952 मध्ये कपूर यांनी दाखवलं की रोगट झाडाचं कलम निरोगी झाडावर बांधलं की तेही वांझ होतं. म्हणजे संशय विषाणूवर. पण तो एका वावरातून दुसऱ्यात जातो कसा? 1962 मध्ये सेठ यांनी वाहक पकडला: एरिओफाईड कुळातला कोळी. पुढे 1966 मध्ये चन्नबसवण्णा यांनी त्याला 'असेरिया कजानी' हे नाव दिलं.

कोळी म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं. हा जाळं विणत नाही. लांबी जेमतेम 0.2 मिलिमीटर, पाय चारच, पंख नाहीत. पानाच्या खालच्या बाजूला बसतो आणि वाऱ्यावर पुढच्या झाडावर जातो. त्याच्या चावण्याने पान वाळत नाही, वळतही नाही, म्हणून शेतकऱ्याची नजर तिथे जाणारच कशी? तुरीखेरीज आणि तिच्या रानटी भावंडांखेरीज तो फारसा कुठे राहत नाही. बियाण्यातूनही रोग जात नाही. मग पेरणी ते पेरणी मधले महिने तो काढतो कुठे? परसातल्या जुन्या झाडावर, खोडव्यावर, धुऱ्यावर राखलेल्या त्या हिरव्या वांझ तुरीवर. रोप दीड महिन्याच्या आत सापडलं तर शेंगेची आशा सोडावी. उशिरा लागलं तर काही फांद्या फुलतात.

हैदराबादजवळ पाटणचेरूला 1972 मध्ये इक्रिसॅट ही शेती संशोधन संस्था उभी राहिली. तिथे य. ल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. रोगट पान घ्यायचं, कोवळ्या रोपाच्या पानावर दुमडायचं आणि कचेरीतल्या साध्या स्टेपलरने टाचायचं. पान सुकत आलं की कोळी आपसूक नव्या पानावर. कोणतं वाण तग धरतं, ते अशा टाचणीतून कळू लागलं.

त्यातच एक गंमत दिसली. आयसीपी 2376 सारख्या वाणावर रोग आला की पानांवर फिकट गोल कडी उमटतात, आणि झाड तरीही फुलतं; विषाणू चाव्याच्या जागीच अडकून राहतो. ब्राझीलमध्ये संत्रावर्गीय झाडांना चपट्या कोळ्यापासून होणाऱ्या लेप्रोसिसमध्येही विषाणू झाडभर फिरत नाही. कोळी चावला तिथेच डाग. आर्वी-कारंजाच्या संत्रेवाल्यांना ही गोष्ट नवलाची वाटेल.

तुरीचा विषाणू मात्र खुद्द हाती लागला तो 2000 च्या सुमारास, पहिल्या नोंदीनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. नंतर कळलं की तो एकटा नाही, त्याचा एक जोडीदारही आहे.

शेतकरी तोवर थांबला नव्हता, आणि ते बरंच झालं. जालन्याजवळच्या बदनापूरच्या केंद्राने वांझ आणि मर या दोन्ही रोगांना दाद न देणारी वाणं आणली: बीएसएमआर 736 लाल दाण्याची, 853 पांढऱ्या दाण्याची. आमच्या घरी आधी लाल आली. आई म्हणायची, सोले छान निघतात, पण बाजारात पांढरीला गिऱ्हाईक. दोन वर्षं दोन्ही पेरल्या. धुऱ्यावरचं वांझ झाड आता दिसलं की लगेच उपटायचं, यावर मात्र घरात वाद उरला नाही.